कोरडं धोतर

आमच्या शाळेत ते आले की आधी बसत नसत. बाकाच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवत. नख कुठे अडकलं की मान हलवून म्हणत, "पाण्याले फट दिसते, गुरुजी. आपल्याले नाही दिसत." शाळेच्या बाकाचा आणि पाण्याचा संबंध काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

उमरखेड तालुक्यातलं पैनगंगेकाठचं ते गाव. छप्पन्नच्या सुमारास मी तिथे मास्तर म्हणून गेलो, तेव्हा ते गावचे वाढई होते, म्हणजे सुतार. आसपासच्या सगळ्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, त्यांच्या हातच्या. कौतुक केलं की लाजून आपल्याच कामातली खोड दाखवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे त्यातले नव्हते. "बंडी माह्या हातची आहे," असं ते स्वतःहून सांगत, आणि बंडी खरंच चांगली असल्यामुळे कोणाला राग येत नसे.

त्यांची एकुलती एक लेक नदीपलीकडच्या गावात दिली होती. उन्हाळ्यात पायी अर्ध्या तासाची वाट. नदी भरली की मात्र महिनोन् महिने तोंड दिसायचं नाही. एका श्रावणात त्यांची बायको गेली. लेक धावत समोरच्या काठापर्यंत आली आणि तिथूनच तिनं आईची चिता पाहिली. गावात नाव नव्हती. तेरवी झाल्यावर ते शाळेत आले, नख न फिरवताच बसले आणि म्हणाले, "नाव करतो, गुरुजी. माह्या वेळेस पोरगी त्या काठावर उभी राहाची नाही."

गावाला चेष्टेला विषय मिळाला. "वाढई, नावेले चाकं कवा लावता?" असं लोक येता-जाता विचारत. सागाच्या फळ्या जुळल्या, पुसदहून आणलेल्या व्हार्निशचे हात बसले, आणि नाव अशी चमकू लागली की चेष्टा करणारेच पाहुण्यांना ती दाखवायला आणू लागले. सारा वैशाख ती उन्हात तशीच मिरवत उभी होती.

डोहात सोडली त्या दिवशी अख्खं गाव काठावर होतं. बघता बघता नावेत घोटाभर पाणी आलं. कोणी हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं. पाण्यात उभे राहून ते बराच वेळ फळ्यांवरून नख फिरवत होते. उन्हानं लाकूड आकसलं होतं. चमक तेवढी शाबूत होती. मग म्हणाले, "चाक ढिलं झालं का म्या नदीत बुडवतो, गुरुजी. चाकाले पाणी पाजलं आन् नावेले उपाशी ठेवलं."

दुसऱ्या दिवशी काचेच्या तुकड्यानं त्यांनी सगळं व्हार्निश खरवडून काढलं. मला बघवेना. मग दगड भरून नाव चार दिवस डोहात बुडवून ठेवली. लाकूड फुगल्यावर ती चिंचेच्या सावलीत आणली. उरल्यासुरल्या फटींत कापसाच्या वाती पटाशीनं ठोकून बसवल्या आणि वरून जवसाच्या तेलात कढवलेली राळ ओतली. सगळं सुकल्यावर पुन्हा व्हार्निश, पातळ, एकेक हात, मध्ये दोन-दोन दिवस थांबून. ओल्या हातावर धूळ बसेल म्हणून शेजारच्या तिन्ही घरांना अंगण झाडायची बंदी. एक म्हातारी सुनेवर तोंड सोडू लागली तर म्हणाले, "काकू, तिले कायले बोलता? म्याच झाडू नेला तिचा."

आषाढात नदी भरली. ते नवं, पांढरंशुभ्र धोतर नेसून आले आणि बसायची फळी सोडून थेट नावेच्या तळाशी बसले. वल्हवायला खालच्या गावचा भोई होता. पलीकडे लेक उभी. नाव लागली, ते उतरले, आमच्याकडे पाठ केली आणि धोतराचा मागचा भाग दोन्ही हातांनी ताणून गावाला दाखवला. तेवढ्या लांबून ओलं की कोरडं, कोणालाही दिसणं शक्य नव्हतं. तरी काठावर जो आरडाओरडा झाला, त्यात माझाही घसा बसला. अशा माणसाच्या गावी मी मास्तर होतो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्यानंतर लेक दर पावसाळ्यात माहेरी येऊ लागली, तेही लेकीकडे जाऊ लागले. पाच-सहा वर्षांनी, नदी दुथडी भरलेली असताना, लेकीकडे असतानाच ते वारले. त्या दिवशी उघाड होती. भोयानं नाव आणली. तळाशी ते पांढऱ्या कापडात, उशाशी लेक. ती त्या काठावर राहिली नव्हती.

उतरवून घ्यायला मी पुढे झालो, आणि काय मनात आलं कोण जाणे, पाठीखालच्या कापडाला हात लावून पाहिला.

"कोरडंच हाये, गुरुजी," लेक म्हणाली. "सारी वाट म्या खाली हात ठेवलता."