कलिंगडाला घातलेला गॉगल

जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी पडणार, फुटणार किंवा पेटणार आहे आणि तेव्हा जबाबदार कोण हे आधीच ठरलेलं बरं, यावर आमच्या साडूंइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस नाशिकमध्ये दुसरा नसेल. अपघाताच्या भरपाईचे दावे लढवण्यात त्यांची सारी वकिली गेली. त्यामुळे लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी ते मांडवाच्या खांबाला भेटायचे, दोन्ही हातांनी तो हलवून बघायचे आणि मगच आम्हाला बसायची परवानगी द्यायचे. आमच्या घरी आले की चहाच्या आधी ओट्याखाली वाकून गॅसची नळी तपासायचे. एका हॉटेलात ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ अशी पाटी होती. तिच्याखाली उभं राहून त्यांनी मालकाला विचारलं, “उद्या तुमची भिंत माझ्या स्कूटरवर पडायला लागली, तर ही पाटी तिला वाचता येते का?” मालक भिंतीकडे बघत राहिला आणि आमचा डोसा गार झाला. मी पडलो उलट्या वळणाचा. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून मोकळा होणारा. ते मला ‘चालता-बोलता दावा’ म्हणत.

दोन हजार सालानंतर नाशिकला नव्या नव्या करमणुकींचं वेड लागलं, तेव्हा त्यांच्याच मुलाने, निखिलने, सातपूरची नोकरी सोडली आणि इगतपुरीच्या वाटेवर जागा घेऊन पेंटबॉलचं मैदान काढलं. हवेच्या दाबाच्या बंदुका, रंग भरलेल्या गोळ्या, दोन टोळ्या. पेंढ्यांआड लपायचं आणि एकमेकांना रंगवायचं. “म्हणजे धुळवडीला तिकीट,” असं ताई, म्हणजे निखिलची आई आणि माझी थोरली मेव्हणी, म्हणाल्या. बंदुका परदेशी होत्या. डोळ्यांसाठी मात्र निखिलने सातपूरहून ग्राइंडिंगवाले वापरतात ते गॉगल आणले. जे लोखंडाचा कीस अडवतात, ते रंगाची गोळी अडवणार नाहीत का? कारखान्यांच्या गावात वाढलेल्या कोणालाही हे पटलं असतं. मलाही पटलं.

उद्घाटनाला पहिली गोळी माझ्यावर झाडायची ठरली होती, कारण माझं पोट, निखिलच्या मते, कोणाचाच नेम चुकू देणार नव्हतं. नारळ फुटला. मी गॉगल लावून फोटो काढून घेत होतो, इतक्यात साडू आले. त्यांनी तो माझ्या नाकावरून उतरवला आणि उन्हात धरला.

“ही काच कशासाठी तपासलेली आहे?”

“बाबा, शिक्का आहे त्यावर.”

“किसासाठी आहे. गोळीसाठीचा दाखव.”

“अहो, सगळ्यांच्या सह्या घेतोय मी. इजा झाल्यास मालक जबाबदार नाही म्हणून.”

“सही करणाऱ्याने खेळातला धोका पत्करला. तुझ्या काचेतला नाही.”

मग जेवणानंतर कापायला आणलेलं कलिंगड त्यांनी उचललं, खुर्चीवर ठेवलं, माझा गॉगल त्याला बांधला आणि सगळ्यांना मागे सारून निखिलला म्हणाले, “मार.” गोळी फुटली, काच केशरी झाली, लोक हसले. ताई म्हणाल्या, “झालं समाधान? घरच्याच पोरावर केस चालवताय.”

“घरचा आहे म्हणून फी घेत नाहीये. मार अजून.”

पुढच्या गोळीला काच तडकली. त्याच्या पुढच्या गोळीने तिचा तुकडा सालीतून आत रुतला आणि खुर्चीवरून लाल पाणी ठिबकायला लागलं. आता कोणी हसलं नाही. माझा हात आपोआप डोळ्याकडे गेला.

सातपूरच्या कारखान्यातली पाहुणेमंडळी बंदुका घेऊन तयार होती. पहिल्याच दिवशी मैदान बंद ठेवलं तर पुन्हा इकडे कोण फिरकणार, हे निखिलला कळत होतं. त्याने कलिंगडावरचा गॉगल सोडून हातात घेतला. मग स्वतःच पुढे होऊन म्हणाला, “आज फक्त जेवण. खेळ नंतर.” गर्दीतून कोणीतरी बोललं, “लय घाबरट हाय हा मालक.” साडू वळून म्हणाले, “घाबरट मी. मी मालकाचा बाप.” हे म्हणताना त्यांची मान जशी ताठ झाली, तशी मोठमोठे दावे जिंकल्यावरही मी पाहिली नव्हती.

पूर्ण चेहरा झाकणारे, याच खेळासाठी तपासलेले मुखवटे यायला काही महिने गेले. ते आले तेव्हा साडूंनी कलिंगड नको म्हटलं. वकिलीचा काळा कोट घालून, मुखवटा चढवून ते स्वतःच ठरवलेल्या अंतरावर खुर्चीत बसले. निखिलने बंदूक उचलली आणि पुन्हा खाली केली. “मार रे, तपासलेलं आहे.” गोळी बरोबर दोन डोळ्यांच्या मध्ये फुटली. केशरी मुखवट्याआडून आवाज आला, “चालू कर मैदान.”

मैदान पुढे बरीच वर्षं चाललं. एकाच्याही डोळ्याला काही झालं नाही, त्यामुळे साडूंचं नाव तिथे कोणी घेतलंच नाही. मी मात्र भेटेल त्याला ही गोष्ट सांगतो, आणि दर वेळी कलिंगड थोडं मोठं होतं.

आता काचबिंदूने साडूंची नजर जवळजवळ गेली आहे. संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवतो. कुठे पूल खचला, कुठे जत्रेतला पाळणा तुटला, असं आलं की ते हात वर करून थांबवतात. “जबाबदार कोणाला धरलं?” बहुतेक वेळा ते छापलेलंच नसतं. “चौकशी चालू आहे,” मी सांगतो. ते मान हलवतात. आणि मी माझ्या दोन्ही शाबूत डोळ्यांनी त्यांच्यासाठी पुढची बातमी शोधू लागतो.