केरबाची तळी

पडेगावचा केरबा वाळूजच्या कंपनीत लागला आणि मशीनलाही मेंढरासारखं "हुर्र" करू लागला. जन्म मेंढरांमागं गेलेला, माणसांशी बोलणं बेताचंच. बायकोला, म्हणजे बानाबाईला, त्यानं हाक मारली की शेजारची शेळी आधी वळून बघायची.

नोकरीच्या भरात त्यानं उरलेली मेंढरं विकून टाकली. त्यात बानाबाईनं हातानं दूध पाजून वाढवलेला एडकाही गेला. तिला विचारलं नाही. बानाबाईनं अबोला धरला. भाकरी वाढायची, पण ताटात आपटून.

त्या घरात रोज दिवेलागणीला खंडोबाची तळी उचलत. भंडार-खोबऱ्याचं ताट दोघांनी धरायचं. केरबा म्हणणार "येळकोट येळकोट", बानाबाई म्हणणार "जय मल्हार", मग एकमेकांच्या कपाळी भंडारा. उत्तर आल्याबिगर ताट खाली ठेवायचं नाही, ही केरबाच्या आईची सक्त ताकीद.

अबोल्याच्या पहिल्या संध्याकाळी केरबा एकटाच ताट उचलून उभा राहिला. "येळकोट येळकोट!" चुलीपुढून नुसता भाकरी थापल्याचा आवाज. भाकऱ्या थापून संपल्या तरी गडी हटेना. शेवटी बानाबाई कडाडली, "जय मल्हार! ठेवा आता, देवाला चक्कर यील!"

केरबा खूश. रोज एवढं तरी कानावर पडायचं. पण बाकी घर मुकंच.

अशात नामांतराच्या वादात शहर कडकडीत बंद झालं. बस नाही, रिक्षा नाही. केरबा कंपनीतून पायीच निघाला. दिवस बुडाला तसा तो पळतच सुटला. आज तळी चुकली, म्हणजे तेवढं बोलणंही गेलं.

गल्लीच्या तोंडाशी आला तर बानाबाईचा आवाज! ती एकटीच दारात ताट उचलून उभी. "येळकोट येळकोट!"

शेजारची गोजरबाई धावली, "जय म—"

"तुमी गप ऱ्हावा, मावशी! ज्याचं त्यानंच म्हनायचं."

"अगं, हात मोडत्याल!"

"मोडू द्या."

केरबाच्या तोंडून आनंदानं आधी "हुर्र!" निघालं. शेळी वळली, मग बानाबाई. धुळीनं माखलेल्या हातांनी त्यानं ताटाची दुसरी कड धरली. "जय मल्हार!"

भंडारा लावता लावता बानाबाईचा बांध फुटला. "जीव टांगनीला लावला माझा! आन् एडका कुठं इकला?"

"पाचोडच्या बाजारात. चुकलं. आता तुला इचारल्याबिगर शेपूट बी इकनार नाय."

"शेपूट ऱ्हायलंय कुठं घरात?"

जेवताना ती बोलतच राहिली, केरबा "व्हय, व्हय" करत राहिला, आणि ताटात भाकरी पडली ती अजिबात आवाज न करता.