रंग नव्हे तो, बाई

"मान सरळ ठेव. हलू नकोस गं, भांग वाकडा जातोय."

बोरिवलीच्या आमच्या शाळेच्या फाटकाशी रोज सकाळी पावणेसातला हे वाक्य ऐकू यायचं. दोन वेण्या आणि निळ्या रिबिनी हा शाळेचा कडक नियम. एक वेणी घालून आलेल्या, रिबीन विसरलेल्या मुली शिक्षा टाळायला मावशींसमोर उकिडव्या बसत. मावशी म्हणजे आमच्या शिपाईबाई. झाडलोट, घंटा, पाण्याची टाकी ही त्यांची कामं. वेण्या घालायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्याही शाळेत अशी एक मावशी असेलच. तिचं नाव तुम्हाला तरी आठवतं का?

रिबिनी त्या स्वतःच्या पिशवीतून देत आणि शाळा सुटल्यावर परत मागून घेत. एकदा मुख्याध्यापिकांच्या नातीची रिबीन त्यांनी भर जिन्यात सोडून घेतली. वर "नियम म्हंजे नियम ना, मॅडम," असंही ऐकवलं.

वेणी घालता घालता त्यांना शाळेची खबर लागायची. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाच्या डोक्यात उवा झाल्या, कोण उपाशी आली. मी सातवीची वर्गशिक्षिका. माझा वर्ग मला सगळ्यांत जास्त कळतो, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी माझ्या वर्गात प्रणाली होती. दहिसरच्या चाळीत राहायची. बोलकी, अक्षर सुरेख. जुलैत एकदा मावशी वर्गाच्या दाराशी आल्या.

"बाई, प्रणालीचे केस मुठीनं येतायत हातात. आणि सकाळी रिबीन धरायला दिली, तर तिची बोटं मिटत नाहीत. दुपारी बघावं तर नीट असते."

मी वह्या तपासत होते. "वाढतं वय आहे, मावशी. जेवत नसेल धड," एवढं बोलून पुढची वही ओढली.

मग प्रणालीचं अक्षर बिघडलं. मी तिच्याकडून प्रत्येक पान दोनदा लिहून घेतलं. प्रार्थनेला ती उन्हातून सावलीकडे सरकायला लागली, म्हणून तिला मुद्दाम पहिल्या रांगेत उभं केलं. हे आज लिहितानाही माझी मला लाज वाटते.

ऑगस्टमध्ये एके दिवशी ती आली तीच दोन्ही गाल आणि नाकाचा वरचा भाग लालबुंद घेऊन. सातवीतल्या मुलीनं रूज लावून शाळेत यावं, या विचाराने माझं डोकं फिरलं. "मावशी, हिचं तोंड धुऊन आणा," मी ओरडले. सगळा वर्ग हसला.

दहा मिनिटांनी मावशी एकट्याच परत आल्या.

"रंग नव्हे तो, बाई. जात नाही. मी जास्त घासलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तोंडात वर टाळूला जखमा आहेत तिच्या. आणि म्हणते, दुखत नाही. घरी कळवा ना."

मी कळवलं. डायरीत शेरा लिहिला, 'उन्हात जाताना काळजी घ्यावी.' आईने बिचारीने कोरफड लावली.

गणपतीची सुट्टी संपली तेव्हा प्रणालीच्या डोळ्यांखाली सूज होती. पायही इतके सुजले होते की बूट चढेना, म्हणून ती चपला घालून आली. या वेळी मावशींनी मला विचारलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तिच्या आईला कामावरून बोलावून घेतलं आणि दोघींना सरकारी रुग्णालयाच्या बालविभागात नेलं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, ताप येतो का, सांधे धरतात का, केस गळतात का, लघवीला फेस येतो का. आईपेक्षा मावशीच जास्त सांगत होत्या. तपासण्या झाल्या. ल्युपस निघाला. रोगापासून राखण करणारी शरीरातली शक्तीच शरीरावर उलटते, असा हा आजार. तो मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता. "दोन महिने आधी आणायला हवी होती," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मावशींनी मला हे सांगितलं ते फळ्याकडे बघत.

औषधांनी प्रणालीचा चेहरा गोल झाला, थोडे दिवस ती हसूखेळू लागली. आठवीत असताना एका तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. माझ्यामुळे गेली, असं कुठलाच डॉक्टर म्हणणार नाही. मी म्हणते.

त्यानंतरही मावशी माझ्या दाराशी येत राहिल्या, जणू काही झालंच नव्हतं. "बाई, ती उंच पोरगी जरा बघा." मी हातातलं टाकून उठायची. एकीच्या अंगात रक्त कमी निघालं. एक नुसतीच रात्रभर मोबाइल बघत होती; तिच्या आईवडिलांना शाळेत बोलावून मी हसं करून घेतलं. "हसू दे की," मावशी म्हणाल्या. आणखी एकीला मात्र तोच आजार निघाला, पण वेळेत. ती आता मालाडला कॉलेजात जाते. गोळ्या घेते, उन्हात छत्री घेते आणि भरपूर बडबडते.

मावशी गेल्या वर्षी गेल्या. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला दहिसरला गेले होते. इतकी वर्षं मनात होतं ते विचारून टाकलं. "मावशी, प्रणालीच्या वेळी तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. राग नाही आला माझा?"

"आला ना. लय आला. तुमचं तोंड बघू नये असं वाटायचं." त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, बोलताना दम लागत होता. "पण तुमच्याशी बोलणं टाकलं असतं, तर पुढच्या पोरीचं कुणाला सांगितलं असतं?"

मी तिथेच रडायला लागले. मावशींनी समजूत घातली नाही. रडू दिलं.