ताईचा दावा

माझी ताई शिवण कारखान्यात चौदा नंबरच्या मशीनवर बसते, मी तेरावर. त्रेचाळिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात दहावीचं खूळ शिरलं. रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मोठ्यांचा वर्ग भरतो, तिथे ती जायला लागली.

तिथल्या बाईंनी शोधांवरचा धडा घेतला आणि आमच्या घरातली शांतता गेली. शोध नेमका कुणाचा, यावर मोठमोठे लोक हमरीतुमरीवर आले होते म्हणे. त्यावर निबंध लिहायचा, तर त्यासाठी शब्द हवेत: दावा, पुरावा, आक्षेप, खंडन, निष्कर्ष. झालं! ताई ते शब्द कापडाच्या चिंध्यांवर खडूने लिहून मशीनसमोर अडकवायला लागली. घरी भावजी म्हणाले, "भाजीत मीठ नाही." ही म्हणे, "हा झाला दावा. पुरावा?" भावजींनी ताट पुढे सरकवलं. तिने घास खाल्ला आणि मीठ आणून दिलं.

आम्ही पोट धरून हसायचो. आता नाही हसत.

जीन्स शिवताना जाड जोड आला की कापड दाबून धरणारा मशीनचा पाय तिरका होतो आणि सुई कटकन मोडते. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधायचे, तारीख घालून वहीत आपल्या मशीनच्या पानावर चिकटपट्टीने लावायचे, तेव्हा कुठे नवी सुई मिळते. तुकडा कपड्यात राहिला तर कुणाच्या तरी मांडीत घुसायचा. ताईने घरच्या जुन्या चमच्याचा दांडा ठोकून चपटा केला आणि जोड आला की तो मागून पायाखाली सरकवायला लागली. पाय सरळ, सुई शाबूत. बघता बघता आम्ही सगळ्यांनी घरचे चमचे कामाला लावले. आणि एका सकाळी दारावर फलक: 'वर्षातली उत्तम कल्पना, चमचापट्टी.' खाली नाव सुपरवायझरचं!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चल, सगळ्यांसमोर त्याचं थोबाड रंगवू," मी म्हटलं.

"तू गप्प बस," ताई म्हणाली. "मला कागद दे."

जेवणाच्या सुट्टीत तिने पानभर लिहिलेला कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसली. मी आपली तिच्या मागोमाग घुसलेच. मॅनेजरनी सुपरवायझरला बोलावलं. त्याने कागद चाळला आणि फिसकन हसला.

"खंडन? हे हिचे शब्द नाहीत, साहेब. कुणाकडून तरी लिहून आणलंय."

"शिकले मी ते," ताई म्हणाली. "तुम्हीही या रविवारी. बाई कुणालाही घेतात."

मग तिने सुयांची वही मागवली. चौदा नंबरच्या पानावर फेब्रुवारीत अकरा सुया चिकटवलेल्या. नऊ मार्चची शेवटची. पुढे पान कोरं. "फलकावर यांच्या नावाखाली लिहिलंय, कल्पना मे महिन्यात सुचली. मग मार्चपासून माझ्या सुया कशा वाचल्या?"

"हात हलका असेल हिचा," सुपरवायझर म्हणाला.

"हा तुमचा आक्षेप मी आधीच लिहिलाय, खालून चौथी ओळ. फेब्रुवारीत माझा हात जड होता का?"

मला टाळी वाजवावीशी वाटली. मॅनेजर मात्र घाम पुसत म्हणाले, "हे बघा, वाद नको. फलकावर दोघांचंही नाव लावू."

मी म्हटलं, चला, काहीतरी मिळालं. ताई जागची हलली नाही.

"नको. लावायचं तर यांचं एकट्याचंच लावा. खोटं आहे ते पुरतं खोटं राहू दे. माझं नाव शेजारी लावून त्याला खरं करू नका."

तिने कागद उलटा करून सुपरवायझरपुढे सरकवला. "लिहा इथे, 'पट्टी मी बनवली', आणि सही करा. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"जा कामाला, घंटा झाली," तो म्हणाला.

"ऐकली मी. सही करा, मग जाते."

त्याने पेन उचललं. मॅनेजर त्याच्याकडे बघत होते, मी बघत होते, दारात जमलेल्या बायका बघत होत्या. त्याने पेन खाली ठेवलं, बाहेर गेला आणि स्वतःच्या हाताने दारावरचा फलक काढला. तो उतरेपर्यंत ताई खुर्चीवरून उठली नाही.