बुवांच्या गळ्यात नळी

“नळी घालून घ्यायला मी काय गच्चीवरची टाकी आहे, वहिनी?”

“टाकी बरी, भावोजी. तिला निदान वर्षातून एकदा उघडून बघतात!”

“मी येणार नाही म्हणजे नाही.”

“मग मीही उठणार नाही. नंदा, चहा टाक गं!”

भावोजी म्हणजे माझा धाकटा दीर, नंदा त्याची बायको. भावोजी आमच्या लालबागच्या चाळीचे भजनीबुवा. पखवाजवाल्याची एक मात्रा इकडची तिकडे झाली, तर भर भजनात त्याच्यावर डोळे वटारतात. स्वतःचं हृदय कधीपासून बेताल वाजतंय, तिकडे मात्र कानाडोळा! ह्या बेताल वाजण्याला डॉक्टर ‘एएफ’ म्हणतात. ठोके ताळ्यावर आणायला शॉक द्यायचा होता. पण त्याआधी हृदयाच्या वरच्या कप्प्यातल्या छोट्या पिशवीत रक्ताची गुठळी बसली आहे का, ते बघायला हवं. छातीवरच्या साध्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ती नीट दिसत नाही, म्हणून घशातून नळी घालून इको. गुठळी असताना शॉक दिला, तर ती सुटून थेट मेंदूत. आणि शॉक नाही दिला, म्हणून ती कायम तिथेच बसेल असंही नाही. ती काय भाडेकरू आहे?

हे भांडण कसं मिटलं ते सांगते, पण दमाने.

रक्त एका जागी थांबलं की गुठळी धरतं. परळच्या हॉस्पिटलात इकोच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही एएफवाले इतकी वर्षं थांबतोय, की किश्शांच्याही गुठळ्या झाल्यात. रक्ताला निदान पातळ करायची गोळी आहे. माझ्या जिभेला तीही नाही!

*

गिरगावचे नाडकर्णी बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झाले. म्हणजे बँकेतून झाले, साहेबपणातून नाही. त्यांच्या इकोच्या रिपोर्टवर आलं, हृदयाचं पंपिंग अठ्ठावन्न टक्के. चेहरा असा पडला, जणू घरावर जप्ती आली!

“अठ्ठावन्न? दोन टक्क्यांनी फर्स्ट क्लास गेला?”

डॉक्टरीणबाई बिचारी समजावतेय, “काका, हे अगदी नॉर्मल आहे.”

“आमच्या घराण्यात सेकंड क्लास कोणालाच नाही. रीचेकिंग होईल का?”

मला राहवेना. म्हटलं, “साहेब, शंभर टक्केवाले ह्या बाकावर बसत नाहीत. ते भिंतीवर असतात, हार घालून!”

पुढच्या वेळी ते माझ्यापासून लांब बसले. बसेनात का! बाक काय माझ्या बापाचा आहे?

*

एएफवाल्यांच्या इकोला जास्त वेळ लागतो. आमचा प्रत्येक ठोका वेगळा, त्यामुळे मशीनवाल्या मुलीला बरेच ठोके मोजून सरासरी काढावी लागते. एकदा मी आत होते आणि बाहेर रे रोडचा एक लाकडाचा व्यापारी दारावर टकटक करतोय, “ह्या बाईंना एवढा वेळ का? मला दुकान आहे!”

बाहेर येऊन पदर सारखा केला आणि सांगितलं, “माझे ठोके एकासारखा एक नाहीत, दादा. तुमचं बरं आहे. एक बघितला की सगळे बघितले!”

त्याला वाटलं मी कौतुक केलं. “थँक्यू” म्हणाला!

*

आणि आमची भायखळ्याची सुशीला! तिची रक्त पातळ करायची गोळी जुन्या पद्धतीची. त्या गोळीचं पालेभाजीशी हाडवैर. पालेभाजी वाढली की गोळीचा जोर उतरतो आणि रक्त घट्ट होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, “पालेभाजी खा, पण बारा महिने सारखीच. एकदम वाढवू नका.”

आता डॉक्टरांना कोणी सांगावं, की आमच्या कोकणी घरांत बारा महिने सारखे नसतातच! श्रावण लागला, मासळी बंद. सकाळी अळू, संध्याकाळी माठ, मध्ये शेवग्याचा पाला. सुशीलेचं रक्त डिंकासारखं!

डॉक्टर म्हणाले, “पालेभाजी वाढवलीत?”

“नाय हो. एकच वाटी खातंय!”

एकच वाटी, खरं आहे. पण ती वाटी चाळीत कोणाकडे पूजा असली, की परात म्हणून मागून नेतात!

डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी गोळी वाढवली. तेवढ्यात गणपती गेले, अळू गेलं, बांगडा आला. गोळी मात्र वाढलेलीच. दात घासताना हिरड्यांतून भळाभळा रक्त! डॉक्टर घाबरले, मी घाबरले. सुशीला गालाला रुमाल लावून, डॉक्टरांचीच समजूत घालत म्हणते, “काय नाय ओ, बांगडो गरम पडलो माका!”

*

आमच्या ह्यांनाही हाच रोग. पण तेव्हा इकोला वेळच नव्हता. म्हणजे हॉस्पिटलकडे होता, ह्यांच्याकडे नव्हता. “धडधड थांबलीय, आता कशाला?” एका सकाळी वर्तमानपत्र हातातून पडलं आणि उजवी बाजू गेली. जीभही गेली.

मग मी भरवायचे. भात कालवून, एकेक घास. हे घास गालात धरून ठेवायचे आणि माझं तोंड सुटायचं. पार खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. “गिळा! गिळा म्हणते ना! गेल्या जन्मी उंट होतात काय?” जन्मभर मला उलट उत्तर देणारा माणूस नुसता बघत राहायचा. भावोजी रोज भेटायला यायचे. समोर बसून, मान खाली घालून चहा प्यायचे.

*

तर, नंदाने चहा आणला. भावोजींनी कप हातात घेतला आणि शेवटी खरं कारण बाहेर आलं.

“गळ्याला नळी घासली आणि आवाज बसला तर? गणपतीत माझ्या जागी कोण उभा राहणार?”

“डॉक्टर म्हणाले ना, घसा दोन दिवस खवखवेल फक्त.”

“डॉक्टरला काय कळतंय भजनातलं!”

“आणि तुम्हाला हृदयातलं किती कळतंय?”

“मला कळायची गरज नाही. माणूस एकदाच मरतो, वहिनी. मेलो तर मेलो! गात गात जाईन.”

नंदाने तोंडाला पदर लावला. भावोजी ऐटीत चहाचा घोट घ्यायला लागले. मी माझा कप खाली ठेवला.

“मेलात तर प्रश्नच मिटला, भावोजी, पण नाही मेलात, तर भरवायला मी येणार आहे!”