घाटाखालचा नीलकंठ

सन एकोणीसशे छत्तीस. मी चोवीस वर्षांचा. शाळा दुसरीतच सोडलेली, पण गाडी हाकण्यात आणि पाखरं ओळखण्यात मला मागं टाकणारा साखरखेर्ड्यात कोणी नव्हता. ही बढाई वाटत असेल तर वाटू द्या.

तेव्हा आमच्याकडचा माल नांदुऱ्याच्या रेल्वेवर बैलगाडीनं जायचा. आम्ही तिघं संगतीनं निघायचो. मधली गाडी चाचाची. चाचा म्हणजे आमच्या गल्लीतला म्हातारा मुसलमान गाडीवान, बोलणं तिखट आणि माणूस सरळ. मागची गाडी माझ्या चुलत सासऱ्यांची. त्यांना मी मामाजी म्हणायचो. आणि पुढची गाडी माझी. माझ्याआधी ती जागा माझ्या बापाची होती.

पुढची गाडी म्हणजे काय, हे मोटारीत बसणाऱ्याला कळायचं नाही. मागचे दिवसभर फुफाटा खातात. डोळ्याला फडकं बांधून बसतात आणि समोरच्या गाडीतल्या पोत्यांशिवाय त्यांना काही दिसत नाही. पुढच्याला मात्र सारी सडक मोकळी. तितरी पिलं घेऊन सडक ओलांडते, कोतवाल आपल्या चौपट घारीच्या मागं लागतो, वेडे राघू तारेवर ओळीनं बसून एकेक करून माशी टिपतात, हे सगळं मी पुढं बसून पाहिलं. बैल वाट जाणत होते, म्हणून डोळे मला मोकळे होते. मजुरी मागच्या गाडीलाही तेवढीच मिळायची. मला पुढची गाडी हवी असायची ती पाखरांसाठी.

त्या साली मूग भरून निघालो आणि दसरा सडकेवरच उजाडला. चिखली मागं राहिली होती, घाट उतरायचा होता. घाटाच्या अलीकडे एका विहिरीवर बैलांना पाणी पाजलं. दसऱ्याला नीलकंठ पाहायचा, त्याला हात जोडायचे आणि मग आपट्याचं सोनं एकमेकांना द्यायचं, ही आमची रीत. विहिरीच्या मोटेच्या चाकावर एक निळं पाखरू बसलेलं होतं. मामाजींनी पायातल्या वहाणा काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले.

"घ्या, देव सोता भेटीले आला. आना सोनं, जावाईबुवा."

मी म्हणालो, "मामाजी, हा नीलकंठ नाई. किलकिल्या हाये. चोच पाहा ना, लाल अन् लांब. मासोळ्या खाते हा."

"निळा हाये का नाई?"

"निळा हाये."

"मंग? माह्या बापानं यालेच हात जोडले. माह्या आज्यानं यालेच जोडले."

"मंग त्यायनंबी किलकिल्यालेच जोडले."

चाचा इतका हसला की त्याच्या हातातली बादली विहिरीत पडता पडता राहिली. मामाजी हसले नाहीत. पण मी खोटं काय बोललो? आमचं सारं गाव दर दसऱ्याला विहिरींवर जायचं, कारण तिथं निळं पाखरू हमखास असायचं. खरा नीलकंठ विहिरीवर नाही बसत. तो उघड्या रानात, वाळल्या फांदीवर. पण तेवढं कोण चालतं?

मी सोनं दिलं नाही. म्हणालो, "खरा पाह्यल्यावर देईन."

सासऱ्याला दसऱ्याचं सोनं नाकारणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मामाजींचा आवाज एकदम बारीक झाला. "ठीक हाये. तुमी मले शिकवून राह्यले ना? सूर्य बुडाच्या आत दाखवा तुमचा नीलकंठ. निळा पाह्यजे, मले अन् चाचाले दोघायले दिसला पाह्यजे. नाई दिसला, तं उद्यापासून तुमची गाडी मागं. कायमची."

"मंजूर."

"काऊन बे," चाचा म्हणाला, "पाखराच्या भरवशावर गाडी लावतं? ते काय तुह्या बापाचं नोकर हाये?"

"तुमी फक्त नजर ठेवा, चाचा. तुमी सांगान ते खरं."

घाट उतरताना मी एकही वाळलं झाड सोडलं नाही. मोर दिसले, सातभाई भांडताना दिसले, एक सुतारपक्षी खोडावर ठोकत बसला होता. एरवी गाडी उभी केली असती. त्या दिवशी थांबलो नाही. घाट संपला, दुपार कलली, तरी नीलकंठ नाही. मागून मामाजी अधूनमधून ओरडायचे, "दिसला का हो?" आणि मी मागं वळून पाहत नव्हतो.

दिवस बराच खाली आल्यावर सडकेच्या डाव्या हाताला, ज्वारीच्या पलीकडे, वठलेल्या बाभळीच्या शेंड्यावर तो दिसला. मी गाडी उभी केली. "तो पाहा!"

मामाजींनी कपाळावर हात धरला. "हा? हा तं मातीचं ढेकूळ हाये."

नीलकंठ बसला की तसाच दिसतो. भुरका, मान आखडून बसलेला, डोकं मोठं. सारा निळा रंग पंखांत मिटून ठेवलेला असतो. तो उडाला पाहिजे. मी टाळ्या वाजवल्या. तो हलला नाही. मग ज्वारीत शिरलो. काळी माती अजून ओली, पाय रुतत होते, पानं तोंडाला कापत होती. बाभळीखाली पोचलो तेव्हा तो उडाला. थेट माझ्या डोक्यावरून, आणि पंख उघडले. एक निळा गडद, एक निळा फिका, असा निळा की बैलाच्या शिंगांनाही तसा रंग कधी लागला नाही.

"पाह्यला?" मी तिथूनच ओरडलो.

मी परतलो. चाचा डोळे चोळत होता.

"सूर्यात उडाला बे तो. मले काळा दिसला."

"चाचा, निळा होता!"

"असंन. तुले निळा दिसला असंन. मले काळा दिसला, मी काळाच म्हननार."

तेव्हा कळलं. मावळतीचं ऊन पाखराच्या मागं होतं. सडकेवरून कावळाही तसाच दिसला असता. मी पलीकडून जाऊन त्याला सडकेच्या पूर्वेला उडवायला हवं होतं. पुन्हा रानात शिरलो, या खेपेला पश्चिमेकडून वळसा घालून, पण तो पळसाच्या दाटीत गेला होता. मी शेतं पालथी घातली. सूर्य बुडाला.

सडकेवर आलो तेव्हा मामाजी गाडीच्या साटीवर बसले होते. मी आपट्याची पानं काढली आणि त्यांच्या पाया पडलो.

"हे काय?" ते म्हणाले. "तुमी तं हारले."

"हारलो. पन मी पाह्यला. पाह्यल्यावर देईन म्हनलं होतं."

त्यांनी पानं घेतली, उलटी करून पाहिली आणि पागोट्यात खोवली. शर्त मागं घेतो असं ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी सांगायच्या आधी मी बैल जुंपले आणि गाडी सडकेच्या कडेला घेऊन मामाजींना पुढं जाऊ दिलं, मग चाचाला. माझे बैल त्यांच्या मागं आपोआप लागले आणि फुफाटा उठला. मी खाली उतरलो, वारा कुठून येतो ते पाहिलं आणि त्या बाजूनं, गाडीपासून दूर शेताच्या बांधावरून, पाखरं पाहत नांदुऱ्यापर्यंत पायी चालत गेलो.