घोडीची पहिली स्पर्धा, आणि माझी

चाळिशीला टेकल्यावर मी घोड्यावर बसायला शिकले, याचं आमच्या घरात कुणालाच फारसं कौतुक नव्हतं. मी दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं आणि रविवारी पाठ ताठ करून खोगिरावर बसायचं, हे मला आवडायचं. नवरा हिंजवडीला जायचा. तिथल्या कंपनीच्या बसमध्येच त्याचा निम्मा दिवस संपायचा, त्यामुळे रविवारी तो फक्त झोपायचा.

सासरे मात्र पहाटेच उठलेले असायचे. बँकेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, पण बोलले की समोरच्याला लागेल असं. पहिल्यांदा मी बूट चढवून निघाले तेव्हा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "हाडांचे डॉक्टर आपल्याच गल्लीत आहेत, ही एक सोय आहे."

सासूबाई गेल्या आणि रविवारची सकाळ त्यांना खायला उठू लागली. एकदा मी सहज विचारलं, "बाबा, येता का वाघोलीला, तबेल्यावर? मोकळी हवा आहे." मी खाली आले तेव्हा ते घडीची खुर्ची घेऊन गाडीपाशी उभे होते. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. मी घोड्यावर, ते कुंपणाबाहेर खुर्चीत.

तबेला चालवणारे आमचे सर घोडदळातून निवृत्त झालेले. त्यांनी रेसकोर्सवरून एक तांबूस घोडी आणली होती. शर्यतीत तिने कधी काही केलं नव्हतं, म्हणून मालकाने काढून टाकलेली. वयाने लहान, अंगाने देखणी, आणि तिला येत एकच गोष्ट होती, चार घोड्यांच्या घोळक्यात धावणं. एकटीने कुठे जायचं म्हटलं की ती पाय रोवून उभी राहायची आणि तबेल्याकडे तोंड करून हाका मारायची. वर्षभर तिच्यावर मीच बसत होते. आम्ही दोघी एकमेकींना थोड्या घाबरून होतो.

एक दिवस सर म्हणाले, "डॉक्टर, थंडीत एका दिवसाची स्पर्धा आहे. तुम्ही हिला घेऊन उतरा."

"सर, ती अजून कच्ची आहे. मीही."

"म्हणूनच म्हणतोय. जिंकायला नाही. तिला जरा जग दिसू दे."

या स्पर्धेत एकाच घोड्याने एका दिवसात तीन गोष्टी करायच्या असतात. सकाळी आखलेल्या चौकोनात कवायत, मग मैदानात रंगीत दांड्यांवरून उड्या, आणि शेवटी उघड्या रानातून दौड, वाटेत ओंडके, चर आणि पाणी. मला सगळ्यात भीती त्या दौडीची होती, कारण तिथे घोडा एकटाच असतो.

कवायतीत घोडीने पहिल्या वळणापासून शेवटच्या सलामीपर्यंत लांब बांधलेल्या घोड्यांना हाका मारल्या. मी लगाम इतका आवळून धरला होता की बोटं बधिर झाली. बाहेर आले तर सासरे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मुलगी गायली छान."

उड्यांमध्ये तिने दोन दांड्या पाडल्या. पडलेल्या दांडीच्या आवाजाला ती स्वतःच दचकली आणि पुढची उडी हातभर उंच मारली. तरी आम्ही बाद झालो नव्हतो.

दुपारी दौडीच्या सुरुवातीला उभ्या राहिलो. इशारा देणाऱ्या माणसाने हात खाली केला, मी टाच लावली, आणि घोडी गर्रकन मागे वळली. पुन्हा सरळ केली, पुन्हा वळली. तिचं सगळं अंग थरथरत होतं. मीही घाबरले होते, आणि ते तिला कळत होतं.

दवाखान्यात घाबरलेलं मूल खुर्चीत बसलं की मी त्याला पुढे काय होणार ते आधीच सांगते, एका सुरात, न थांबता. तोच सूर माझ्या तोंडून आपोआप निघाला. "आता आपण त्या बाभळीपर्यंत जायचं. काही करायचं नाही, नुसतं जायचं. मग एक ओंडका. ओंडका आपण पाहिलेला आहे." तिचा एक कान मागे वळला. ती निघाली.

बाभूळ आली, ओंडका आला. तिने तो इतका सहज ओलांडला की खोगिरावर मीच मागे कलंडले. मग चर, मग झुडपांचं कुंपण. मी बोलत होते आणि तो कान माझ्याकडेच होता.

पाण्यापाशी मात्र ती थांबली. गुडघाभर खोल डबकं, पण ऊन पडून चकाकत होतं. पुन्हा आणलं, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा थांबली असती तर आम्ही बाद. तेवढ्यात दिसलं की काठाशी दोरीपलीकडे सासरे उभे आहेत. मला न सांगता ते खुर्ची घेऊन तिथे आले होते. आता ते काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. पण ते टोपी हातात धरून नुसते घोडीकडे बघत होते.

मी वळसा घेतला आणि येताना लगाम सैल सोडला. "आता थोडं थंड पाणी लागेल," मी म्हटलं. "दुखणार नाही." हे वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणते! घोडीने मान लांब केली, फुरफुरली, आणि एकदम उडीच घेतली. माझा एक पाय रिकिबीतून सुटला, मी आयाळ पकडली, चेहऱ्यावर चिखल उडाला.

"बसून राहा गं!" मागून सासरे ओरडले. त्यांचा इतका मोठा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

पाण्यातून वर आली ती निराळीच घोडी होती. पुढे मोकळं माळरान होतं आणि ती चौखूर सुटली. तिच्या पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं, आणि तरीही ती धावत होती. मी बोलायचं थांबवलं. गरजच उरली नाही.

वेळेत आम्ही फार मागे पडलो. नंबर शेवटून मोजायला सोपा होता. सरांनी घोडीच्या चारही पायांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "डॉक्टर, रानात इतकं कुणी बोलत नाही." मग थोड्या वेळाने, "पण चालू ठेवा."

संध्याकाळी परत न्यायच्या ट्रकमध्ये घोडी चढेना. चढायची फळी बघून पाय रोवले ते रोवले. सर म्हणाले, ओढू नका, थांबू या. मी लसूणघासाची पेंडी घेऊन फळीवर बसले. सासऱ्यांनी शेजारी खुर्ची मांडली.

"बाबा, आईंना हे आवडलं असतं?"

त्यांनी खरोखर विचार केला. "मला ओरडली असती. सुनेला चिखलात पाठवून तुम्ही खुर्चीत बसलात म्हणून." मग हसले. "पण आली असती. डबा घेऊन."

घोडीने पुढचा एक पाय फळीवर ठेवला, आणि तिथेच उभी राहून गवत चघळू लागली. ऊन कलत होतं. आम्हाला कुणालाच घाई नव्हती.